उसवणारी काच

हिंगोली जिल्ह्याचे नाव लेझरशी जोडले गेले ते औंढा नागनाथजवळच्या दुधाळा गावामुळे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा तिथे होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेझरचा किरण ये-जा करील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपू पाहील. हा झाला थोरला लेझर. धाकटा लेझर मात्र कधीचाच गावोगाव पोचला आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि ट्रॉफीच्या दुकानांत आतल्या अंगाला एक लांबुळकी पेटी घूं घूं करत असते. नारिंगी झाकणाखाली एक ठिणगी नागमोडी फिरते आणि थोड्या वेळाने दुकानदार ॲक्रिलिकमधून कापलेले कुणाचे तरी नाव उचलून हातात ठेवतो.

या दोघांचे नाते गमतीचे आहे. लायगोत वापरतात त्या लेझरची तरंगलांबी १.०६४ मायक्रॉन. दुकानातल्या लेझरची १०.६ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ बरोबर दहापट. दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण १.०६४ मायक्रॉनच्या प्रकाशाला पारदर्शक ॲक्रिलिक खिडकीच्या काचेसारखेच आरपार वाटते. १०.६ मायक्रॉनच्या प्रकाशाला तेच ॲक्रिलिक काळ्याकुट्ट भिंतीसारखे आडवे येते. पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच तो सगळा शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. म्हणूनच धातू कापणारे महागडे फायबर लेझर, ज्यांची तरंगलांबी लायगोच्या लेझरच्या आसपास असते, पारदर्शक ॲक्रिलिकपुढे हतबल ठरतात. आणि म्हणूनच दुकानातल्या पेटीचे झाकणही ॲक्रिलिकचे असले तरी चालते. आतून चुकून परतलेला किरण झाकणातच अडतो.

१०.६ मायक्रॉनचा हा किरण ज्याने शोधला तो माणूस बारामतीत जन्मलेला. चंद्र कुमार पटेल यांचा जन्म १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला १९६१ मध्ये पीएचडी झाले आणि त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमध्ये दाखल झाले. पहिला लेझर, थिओडोर मेमनचा माणकाचा, १९६० मध्ये प्रकाशला होता. त्या काळचे वायूंचे लेझर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उड्यांवर चालत आणि दिलेल्या विजेतला नगण्य हिस्सा प्रकाशात उतरे. पटेलांनी अणूंऐवजी रेणू घेतला. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तऱ्हेतऱ्हेने थरथरतो. त्या थरथरीच्या पायऱ्यांमधूनच प्रकाश काढता येईल, असा त्यांचा तर्क होता आणि १९६४ मध्ये तो खरा ठरला. मग त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. नायट्रोजनच्या रेणूची थरथर कार्बन डायऑक्साइडच्या एका थरथरीशी ऊर्जेने जवळजवळ तंतोतंत जुळते. विजेने नायट्रोजन चेतवायचा, त्याने धडकेसरशी ती ऊर्जा शेजाऱ्याच्या हवाली करायची. पुढे जोडीला आलेल्या हेलियमचे काम रिकाम्या झालेल्या रेणूंना लवकर खाली आणून पुन्हा कामाला जुंपण्याचे. हे तिन्ही वायू आजही दुकानातल्या काचेच्या नळीत भरलेले असतात, आणि दिलेल्या विजेतला दहा ते वीस टक्के भाग किरणात उतरू शकतो. पटेलांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. आपल्याकडे बारामतीचे नाव निघते ते इतर कारणांनी. नावाची पाटी कापून घेणाऱ्याला हा तपशील ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

किरण झाला, आता पदार्थ. ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने आणि इंग्लंडमध्ये आयसीआयने ते जवळपास एकाच वेळी बाजारात आणले. तिकडे त्याचे नाव प्लेक्सिग्लास, इकडे पर्स्पेक्स. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छते त्याची होती. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेल्या कपच्या वर्षानुवर्षे तशाच राहिल्या तरी डोळा बिथरत नाही, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आले. त्याने १९४९ मध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाचे भिंग बसवले. ‘डोळ्यात भिंग टाकलंय’ असे आज आपली आजी सहज सांगते, त्या वाक्याची सुरुवात तिथली.

काचेपेक्षा निम्म्याहून कमी वजन (३ मिलिमीटर जाडीची ८ बाय ४ फुटांची शीट साधारण साडेदहा किलो भरते) आणि ९२ टक्के प्रकाश आरपार. पण लेझरच्या दृष्टीने ॲक्रिलिकचा खरा गुण वेगळाच आहे. बहुतेक प्लास्टिके तापवली की आधी वितळतात, मग करपतात, काजळी धरतात. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडते आणि ३०० अंशांच्या पुढे गेले की त्याची रेणूंची साखळी हाताने विणलेल्या स्वेटरसारखी उसवत जाते. एक टाका सुटला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. साखळीतला प्रत्येक दुवा सुटून मूळच्या मिथाइल मेथाक्रिलेटच्या रेणूत परततो, आणि हा द्रव १०१ अंशांनाच उकळत असल्यामुळे त्या तापमानाला तो सरळ वाफ होऊन निघून जातो. मागे राख नाही, काजळी नाही. कापाच्या कडेवर राहिलेला वितळलेला पातळ थर थिजतो आणि कड आपोआप चकाकते. कानस नको, पॉलिश नको. पॉलिकार्बोनेट दिसायला असेच पारदर्शक, हातोड्याच्या घावालाही दाद न देणारे. पण लेझरखाली ते पिवळे-तपकिरी पडते आणि काठ करपतात. त्याची साखळी अशी उसवत नाही, वाकडीतिकडी तुटते.

यातून एक हिशोब निघतो. ६० ते ८० वॉटच्या नळीने ३ मिलिमीटर शीट सेकंदाला सुमारे २० मिलिमीटर वेगाने कापता येते. कापाची रुंदी ०.२ मिलिमीटर धरली तर ५ मीटर लांबीची रेघ, म्हणजे मध्यम आकाराची पाटी, चार मिनिटांत होते. तेवढ्यात साडेतीन ग्रॅम ॲक्रिलिक वाफ होऊन हवेत जाते. साडेतीन ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण ही वाफ हवेपेक्षा साडेतीनपट जड, ज्वालाग्राही आणि नाकाला फार थोड्या प्रमाणातही झोंबणारी. दुकानात शिरताच जो गोडसर-उग्र दर्प येतो तो तिचाच. शोषक पंखा पेटीच्या तळाकडून ओढणारा हवा आणि त्याचा पाइप शेजारच्या रसवंतीकडे नव्हे, छपराच्या वर सोडलेला हवा. मशीन चालू ठेवून चहाला जाणे हा या धंद्यातला सर्वांत महागडा चहा ठरू शकतो. ॲक्रिलिकने एकदा पेट घेतला की ते स्वतःच्याच वाफेवर जळत राहते.

आणखी मोठा धोका ॲक्रिलिकचा नाहीच, शेजारच्या मालाचा आहे. फ्लेक्सचा कपडा पीव्हीसीचा. स्टिकरचा विनाइल पीव्हीसीचा. ज्याला आपण सनबोर्ड म्हणतो तो पांढरा हलका फलकही बहुधा पीव्हीसीच्या फेसाचा. ‘दादा, लेझर चालूच आहे तर एवढा सनबोर्डपण मारून द्या ना’ ही विनंती रोजची. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो आणि किरण लागताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. दमट हवेत तो आम्ल होतो. आधी घसा धरतो, मग मशीनच्या रुळांना गंज चढवतो, भिंग आणि आरशांची वाट लावतो. चकचकीत सजावटीच्या फिल्मवर ती कशाची आहे ते लिहिलेले नसते. अशा वेळी एक जुनी युक्ती कामी येते. तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसवर लाल करायची, त्या नमुन्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. तो तुकडा मशीनजवळ आणायचा नाही. रसायनशास्त्रात ही बाइलस्टाइन चाचणी म्हणून ओळखली जाते. दाराशी, उघड्या हवेत, नखाएवढ्या तुकड्यावर करायची.

आता शीटकडे येऊ. साधी पारदर्शक शीट कापणे हे एव्हाना यांत्रिक काम झाले आहे. कसब लागते ते सजावटीच्या, उठावदार शीटला, आणि त्यातले बहुतेक कसब मशीनचे बटण दाबण्याआधीच खर्ची पडते. बिघडलेली शीट लेझर सुधारत नाही. बिघाड फक्त सुबक कापून देतो.

पहिला प्रश्न, शीट ओतीव की दाबीव? बाजारात ‘कास्ट’ आणि ‘एक्स्ट्रूडेड’ असे म्हणतात. कास्ट शीट काचेच्या दोन ताटांमध्ये द्रव ओतून, सावकाश घट्ट करून बनते. एक्स्ट्रूडेड शीट वितळलेला माल फटीतून दाबून, रुळांतून काढून. एक्स्ट्रूडेडची जाडी एकसारखी, किंमत कमी, कापही छान चकाकतो. पण तिच्या अंगात ताण उरलेला असतो. कास्टच्या जाडीत फरक पडतो, ३ म्हणून घेतलेली शीट कुठे पावणेतीन तर कुठे सव्वातीन निघते. तरी कोरीव कामाला तीच हवी. लेझरने तिच्यावर हलके कोरले की दुधाळ पांढरी खरड उमटते. एक्स्ट्रूडेडवर तेच कोरकाम काचेसारखे पारदर्शक राहते आणि दिसतच नाही. दुकानदार काहीही सांगो, कोपऱ्यात एक टिंब कोरून पाहिले की शीट स्वतःची जात सांगते.

पोत का हवा, हेही पाहण्यासारखे आहे. औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचे शिल्पकाम सकाळच्या किंवा कलत्या उन्हात उठून दिसते, कारण दगड प्रकाश अडवतो आणि खाचेत सावली पडते. पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये सावली पडायला जागाच नाही. तिथे उठाव दिसतो तो प्रकाश वाकल्यामुळे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. पृष्ठभागाच्या प्रत्येक लहानशा उतारावर मागचे दृश्य थोडे सरकते, तुटते, पुन्हा जुळते. म्हणून पाण्याच्या लहरींचा, पावसाच्या थेंबांचा किंवा चुरगळलेल्या बर्फाचा पोत नितळ शीटवर खुलतो. मागे गडद रंग फासला की तोच पोत मरगळतो, कारण वाकवायला मागे काही उरतच नाही. मागे रंग द्यायचाच असेल तर सोनेरी, चंदेरी, मोतिया, म्हणजे प्रकाश परत पाठवणारा द्यावा. या एका गोष्टीत मी हट्टी आहे. काळ्या पाठीवरची महागडी टेक्श्चर शीट म्हणजे पैसे पाण्यात.

तयार टेक्श्चर शीट दोन वाटांनी येते. कास्टमध्ये ज्या काचेवर द्रव ओततात ती काचच नक्षीची असते. एक्स्ट्रूडेडमध्ये शेवटचा रूळ नक्षीचा असतो आणि मऊ शीटवर ठसा उठवत जातो. दोन्हींत एक बाजू उठावाची, दुसरी सपाट. तिसरी वाट घरगुती, आणि लहान गावातल्या कारागिराला सर्वांत सोयीची. साधी कास्ट शीट भट्टीत साधारण १५० ते १६० अंशांपर्यंत तापवायची. ती चामड्यासारखी लुळी पडली की पोत असलेल्या पृष्ठावर ठेवून वरून सपाट फळीने दाबायची आणि दाबातच निवू द्यायची. गोणपाट, धातूची जाळी, खरबरीत लाकूड, सुकलेले पान, कशाचाही ठसा उमटतो. तापलेले ॲक्रिलिक इतके प्रामाणिक असते की ज्या हातमोज्यांनी धरले त्यांची वीणसुद्धा उचलते.

इथे तीन गोष्टी आड येतात आणि तिन्ही पदार्थाच्या स्वभावातल्या आहेत. एक, ॲक्रिलिक हवेतला ओलावा पिते. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली शीट थेट १६० अंशांत घातली की आतल्या ओलाव्याचे बुडबुडे उठतात. आधी ८० अंशांवर काही तास सुकवावी. दोन, पहिल्यांदा तापताना कास्ट शीट आक्रसते. लांबी-रुंदीत दोन टक्क्यांपर्यंत, आणि जाडीत त्याच्या दुप्पट, चार टक्क्यांपर्यंत फुगते. मीटरभर पट्टीचे दोन सेंटिमीटर गेले तर आधी कापलेली अक्षरे मापात राहतील कशी? म्हणून ठसा आधी, काप नंतर. तीन, कास्ट ॲक्रिलिकला स्मरण असते. दाबून उठवलेला ठसा पुन्हा मोकळा तापवला तर शीट आपल्या मूळच्या सपाट रूपाकडे परतू लागते. ठसा उठवून झाल्यावर वळणदार आकार देण्यासाठी सगळी शीट पुन्हा भट्टीत घालणाऱ्याची नक्षी त्यातच जाते. वाकवायचे असेल तर जिथे वाकवायचे तेवढीच रेघ तापवावी.

मागून रंगवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. काचेच्या पाठीवर उलट्या क्रमाने रंगवलेली जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. क्रम उलटा म्हणजे डोळ्यातली चमक, दागिन्यांचे टिपके आधी, मग चेहरा, मग वस्त्रे, शेवटी पार्श्वभूमी. ॲक्रिलिक शीटलाही हाच नियम. सोनेरी शिंतोडे हवे असतील तर ते पहिल्यांदा, त्यावर मोतिया थर, त्यावर झाकणारा पांढरा. प्रश्न फक्त रंग कशात कालवलेला आहे याचा. पाण्यात विरघळणारे रंग बिनधोक. एनसी थिनरवर चालणारे फवाऱ्याचे रंग ॲक्रिलिकच्या अंगात शिरतात आणि दुसऱ्या दिवशी केसासारख्या बारीक भेगा दाखवतात. अल्कोहोलवर आधारलेल्या शाईची संगमरवरासारखी वळणे फार देखणी उठतात, पण ती न कापलेल्या, ताण नसलेल्या शीटवर. तीच शाई कापलेल्या अक्षराच्या कडेला लागली की कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे धावतात. किरणाने कड वितळून झटक्यात थिजलेली असते, तिथे ताण कोंडलेला असतो, आणि द्रावक त्याला वाट करून देतो. काच पुसायचे अमोनियाचे निळे पाणी, सॅनिटायझर, थिनर, हे सगळे याच पंगतीतले. पुसायला साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

चमकी लावायची तर ती कशाला चिकटवली आहे ते आधी पाहावे. इपॉक्सी रेझिनचा जाड थर ओतून केलेली शीट दिसते सुंदर, पण इपॉक्सी उसवत नाही, करपते. कडेला काळी रेघ येते आणि धूर फार. रेझिन ओतायचेच असेल तर काप आधी आणि रेझिन नंतर. ‘काप नंतर’ या वर सांगितलेल्या क्रमाला असलेला हा एक अपवाद.

एवढे झाल्यावर शीट मशीनवर चढते. पहिला निर्णय, कोणती बाजू वर? किरण २ इंची भिंगातून येऊन एका बारीक ठिपक्यात गोळा होतो आणि त्या उंचीच्या थोडे वर-खाली झाले की ठिपका पसरतो. उठावाची बाजू वर ठेवली तर दर मिलिमीटरला उंची बदलते आणि कड कुठे धारदार, कुठे बोथट निघते. सपाट बाजू वर, उठाव खाली, आणि संगणकावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे, हे बरे. मात्र मग जाळीच्या पाटावरून परतणाऱ्या किरणाचे डाग नेमके दर्शनी बाजूवर पडायचे. त्यासाठी खाली कागदी मास्किंग टेप घट्ट बसवायची आणि शीट जाळीपासून खिळ्यांवर थोडी उचलून धरायची. वरचा मूळ कागद काढायचा नाही. ताकद ठरवताना शीटची जाडी सर्वांत जास्त जिथे आहे ती धरावी. सरासरी धरली तर उंचवट्यांपाशी तुकडा लोंबकळत राहतो आणि ओढून काढताना मोडतो. हवेचा झोत जोरात सोडला की वितळलेला थर विस्कटतो आणि कड दुधाळ होते. भिंगाकडे वाफ चढू नये एवढाच मंद झोत पुरे. आधी आतली भोके, मग बाहेरची रेघ. बाहेरची आधी कापली की तुकडा कलतो आणि भोके भलतीकडे पडतात.

इथवरचे सगळे जगात कुठेही सारखेच. पुढचे मात्र फक्त आपले, कारण अक्षरे देवनागरी आहेत. रोमन अक्षरांची पाटी म्हणजे सुटी अक्षरे एकेक करून चिकटवणे. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला एका तुकड्यात धरून ठेवते, भिंतीवर दोन ठिकाणी टेकवला की शब्द सरळ बसतो. लेझरवाल्याला ही लिपी देणगीच म्हणायची. पण कोरलड्रॉमध्ये टाइप केलेल्या शब्दात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर ते जोडलेले दिसते. लेझरला मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेघ वेगळी दिसते आणि तो जोडावरच आडवा काप मारतो. अक्षरे सुटी होऊन पडतात. सगळी अक्षरे ‘वेल्ड’ करून एकच बाह्यरेघ बनवणे ही पहिली पायरी, आणि नवख्याच्या हातून पहिली चूक होते ती इथेच.

मग अनुस्वार. ‘हिंगोली’ आणि ‘औंढा’, दोन्ही नावांत टिंब हवेत तरंगते. कापले की ते जाळीतून खाली. कोणी ते वेगळे चिकटवतो, कोणी वेलांटीला किंवा मात्रेला टेकवून घेतो. टेकवलेले मला जास्त आवडते, फक्त टिंबाचा गोल शाबूत राहावा, वेलांटीला फुटलेली गाठ वाटू नये. सर्वांत जास्त मागणी असलेली पाटी डॉक्टरांची, आणि ‘डॉ.’ मध्ये पुष्कळ टाइपांत वरचा चंद्र सुटा, खालचा पूर्णविराम तर सुटाच. थ, ध, भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. ‘धनश्री’ सारख्या नावात ध शब्दाच्या सुरुवातीला आला तर चालून जाते. ‘माधव’ मध्ये मधोमध आला की मागचा ‘मा’ वेगळा पडतो आणि कुठेतरी पूल घालावा लागतो.

उलट प्रकार जाळीचा, म्हणजे अक्षर शीटमधून आरपार काढून मागे दिवा लावायचा तेव्हाचा. ‘वसमत’ घ्या. व चे पोट, स मधली शिरोरेषेखालची बंद जागा, म मधलीही तशीच, हे तिन्ही तुकडे गळून पडतात. एकटा त तेवढा मोकळा, त्याच्या पोटात काही अडकलेले नाही. गळणाऱ्या प्रत्येक तुकड्याला मूळ शीटशी धरून ठेवणारा पूल लागतो, ३ मिलिमीटर शीटला निदान ३ मिलिमीटर रुंदीचा. तो अक्षराच्या वळणाच्या दिशेने घातला तर नजरेला खुपत नाही, मनाला येईल तिथे आडवा घातला तर अक्षर जायबंदी दिसते. स्टेन्सिलसाठी म्हणून घडवलेला देवनागरी टाइप असेल तर हे काम वाचते. नाहीतर प्रत्येक शब्दाशी हाताने झगडावे लागते, आणि टाइप निवडताना बारीक रेघांचे नखरेल वळण सोडून जाड, सारख्या जाडीचे अक्षर घ्यावे लागते.

खाचेत उभे राहणारे स्टँड करताना कापाची ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंदी हिशोबात धरावी लागते. टेक्श्चर शीटचा भाग खाचेत बसवायचा असेल तर व्हर्नियरने उंचवटा आणि खळगा दोन्ही मोजून खाच उंचवट्याएवढी ठेवावी.

मशीनला मराठवाड्याचा उन्हाळा सोसत नाही. काचेच्या नळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णताच होतो. ती वाहून नेणारे पाणी १८ ते २५ अंशांच्या दरम्यान हवे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना बादलीतल्या पाण्यात पंप सोडून भागत नाही. किरणाची ताकद दुपारी घटते, सकाळी कापलेली शीट दुपारी त्याच आकड्यांवर कापली जात नाही आणि नळीचे आयुष्य उतरते. चिलर हवा, आणि त्यात बोअरचे क्षारांचे पाणी नको, शुद्ध केलेले हवे. पावसाळ्यात उलटी गंमत. दमट हवेत चिलर फार थंड ठेवला तर नळीवर दव धरते, आणि एवढ्या दाबाच्या विजेजवळ दव म्हणजे ठिणगी. तेव्हा पाणी २४-२५ अंशांवरच ठेवावे.

कापून झाल्यावर जोडकाम येते. आपल्याकडे अजूनही ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात. ते गोंदासारखे चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठ विरघळवून एकजीव करते, म्हणून जोड पारदर्शक राहतो. पण ताज्या लेझर-कडेला क्लोरोफॉर्म लावणे म्हणजे तड्यांना आमंत्रण. कापलेले तुकडे ८० अंशांवर तासा-दोन तासांसाठी ठेवून भट्टी बंद करावी आणि आतच सावकाश निवू द्यावेत. ताण सुटतो, मग जोड लावावा. क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला घातक आहे, बंद खोलीत हे काम करू नये. कडेने एलईडी लावायचे असतील तर जिथून प्रकाश आत शिरणार ती कड चकचकीतच हवी. आत शिरलेला प्रकाश दोन्ही पृष्ठांवर ४२ अंशांहून तिरपा आदळला की बाहेर पडू शकत नाही, तो शीटमध्येच पुढे पुढे जातो आणि कोरलेली खरड भेटली तिथेच बाहेर उजळतो. उठावदार शीटवर हा खेळ साधत नाही. प्रत्येक उंचवट्यातून प्रकाश गळतो आणि नावापर्यंत पोचेपर्यंत संपतो. नाव उजळवायचे तर नावाची शीट साधी, आणि टेक्श्चर मागच्या वेगळ्या शीटवर.

शेवटी उरतो चुरा. नितळ ॲक्रिलिकच्या चुऱ्याला भंगारात भाव आहे, कारण कारखान्यात तो पुन्हा तापवून, उसवून त्यातला मूळ द्रव परत काढतात आणि त्याची नवी शीट ओततात. अशी शीट स्वस्त असते, कडेने पाहिले की किंचित पिवळी दिसते आणि लवकर भेगाळते. रंग फासलेला, चमकी लावलेला, रेझिन ओतलेला चुरा मात्र या वाटेने जाऊ शकत नाही, त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून सजावटीच्या शीटवर शब्द मांडताना अनुभवी कारागीर आधी मोठ्या अक्षरांच्या पोटातल्या जागा भरतो. ‘व’ च्या गोलात कानातल्याची एक जोडी, ‘स’ मधल्या तुकड्यात किल्लीचा लटकन, आणि शिरोरेषेवरच्या मोकळ्या पट्टीत पुढच्या गिऱ्हाइकांची सगळी टिंबे.